मंत्रिमहोदय, आमचं रक्त तपासून बघा

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



हे पत्र पालमहून लिहितो आहे. परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. तालुक्यातून गोदावरी वाहते, तरी दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या लेकराबाळांसह पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि वाड्या-तांडे ओस पडतात. रक्ताच्या पिशवीची किंमत आमच्या भागाला वेगळी सांगावी लागत नाही. बाळंतीण अडली, उसाचा ट्रॅक्टर उलटला, की नातेवाईक रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे धावतात. म्हणून शिवजयंतीला, भीमजयंतीला, गणपतीत इथे रक्तदान शिबिरं भरतात आणि तरणी पोरं आपण होऊन रांगेत उभी राहतात.

मी समलिंगी आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, यांनी रक्तदाते कसे निवडावेत याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना एचआयव्हीच्या दृष्टीने जोखमीचे ठरवून रक्तदानातून कायमचं बाद केलं आहे. हिवतापातून उठलेल्याला तुमचा नियम तीन महिने थांबायला सांगतो, गोंदवून घेतलेल्याला वर्षभर. मला मरेपर्यंत. मी एकाच माणसाबरोबर किती वर्षं राहतो आहे, आमची तपासणी कधी झाली, काय निघालं, यातलं काहीही त्या नियमाला विचारायचं नाही.

हा नियम मागे घ्या आणि त्याच्या जागी प्रत्येक दात्याला, मग तो कोणीही असो, त्याच्या वागण्याबद्दल सारखेच प्रश्न विचारा, एवढंच मागणं आहे. पण ज्या भीतीतून हा नियम आला ती मी लहानपणापासून जवळून पाहिली आहे. तिने आमच्या प्रेमाचं आणि आमच्या माणसांचं काय केलं, हे सांगितल्याशिवाय माझं मागणं नुसतं हक्काचं भांडण वाटेल. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या मुलखातली एचआयव्हीची सगळ्यात गाजलेली कहाणी एका रक्तदात्याचीच आहे. गोव्याचा डॉमिनिक डिसोझा हा नेमाने रक्तदान करणारा तरुण. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला धड काही न सांगता नेलं आणि एका बंद पडलेल्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये पहाऱ्यात ठेवलं. रक्तदानाच्या वेळच्या तपासणीत त्याला एचआयव्ही निघाला होता आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला कोंडायची सोय होती. ६४ दिवस तो तिथे होता. त्याची आई लुसी डिसोझा कोर्टात गेली, आनंद ग्रोव्हर यांनी खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने डॉमिनिक बाहेर आला, पण निकालात कायदा मात्र कायम राहिला. १९९२ मध्ये तो गेला. जाण्याआधी त्याने आपल्यासारख्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. २००५ साली आलेला ओनीर यांचा 'माय ब्रदर निखिल' त्याच्या आयुष्यावरून सुचला. चित्रपटातला निखिल समलिंगी आहे. आई-बाप पाठ फिरवतात तेव्हा बहिणीबरोबर त्याचा जोडीदार नायजेल त्याच्याजवळ राहतो. नांदेडला भाड्याच्या खोलीवर आम्ही काही मित्रांनी तो सीडीवर पाहिला, दार लावून, आवाज बारीक करून. शेवटी कुणी दिवा लावायला उठेना.

मला मात्र नायजेल त्याच्या कितीतरी आधी भेटला होता. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या गल्लीतला एक जण भिवंडीच्या यंत्रमागावरून परत आला तो खाटेवरच. घरच्यांनी गोठ्याच्या पडवीत बाज टाकली. त्याची जर्मनची ताटली वेगळी, तांब्या वेगळा, भाकरी हात लागू न देता वरून टाकायची. लोकांना टीबी सांगितला होता, पण कुजबुज मुंबईच्या रोगाची होती. मग एक दिवस एसटीने त्याच्या वयाचा एक माणूस आला. पिशवीत मोसंब्या आणि हॉर्लिक्सची बाटली. 'कारखान्यातला सोबती' एवढीच ओळख त्याने दिली आणि तो राहिला. त्याने बाजेवरच्या माणसाला अंघोळ घातली, त्याचे कपडे धुतले, त्याच ताटलीत स्वतः जेवला. दाढी करताना त्याने त्याची हनुवटी दोन बोटांनी वर धरली होती, गाल आतून जिभेने फुगवायला सांगत होता आणि दोघंही हसत होते. मी दारातून पाहत होतो, चौदा-पंधरा वर्षांचा असेन. ती दोन बोटं पाहून मला माझ्याबद्दल काहीतरी कळलं.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. भाऊ म्हणाला, आईला सांभाळतो. चुलता म्हणाला, जमिनीचं भांडण मिटवतो. सोबती जरा लांब, बाभळीखाली उभा होता. तू काय सांगतोस, असं त्याला कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन पुढे यायला त्याला नातं नव्हतं. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला. त्याने स्वतःची तपासणी केली असेल का, तो पुढे किती जगला, त्याची दाढी कुणी केली, हे मला आजही वाटत राहतं. मोफत औषधं देशात १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. त्या दोघांना ती मिळाली असती तर आज ते साठीच्या पुढचे असते.

प्रेम आणि हा आजार मी एकाच पडवीत पाहिला, मंत्रिमहोदय. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना आपण कोण आहोत हे कळायच्या आधी आपण कशाने मरणार ते कळलं होतं. पहिल्यांदा कुणाचा हात हातात घेतला तेव्हा अंगावर शहारा आला तो अर्धा ओढीचा होता आणि अर्धा त्या बाजेच्या आठवणीचा.

आणि एवढी भीती असून माहिती कुणी दिली नव्हती. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या चित्रांत नवरा-बायको असत, ट्रक ड्रायव्हर असे, परस्त्रीपासून लांब राहा असा उपदेश असे. दोन पुरुषांचं चित्र कुठेच नव्हतं. त्यातून गावागावांतल्या पोरांनी काढायचा तोच अर्थ काढला: हा रोग बाईपासून होतो, पुरुषाबरोबर धोका नाही. निरोध न वापरता, निर्धास्तपणे, त्या समजुतीवर किती रात्री गेल्या असतील. वर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतंच. जुलै २००१ मध्ये लखनौला पुरुषांमध्ये एड्सविरोधी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच त्या कलमाखाली पकडलं आणि चाळीस दिवसांहून अधिक काळ तुरुंगात ठेवलं. निरोध वाटणं हाच गुन्ह्याचा पुरावा झाला होता.

तरीही आम्हाला आमची माणसं मिळाली ती या आजारामुळेच, हे मी विसरू शकत नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला आणि वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. समलिंगी माणसांना एका सरकारी छताखाली बसायला खुर्ची मिळाली, ती एड्सच्या कामासाठी. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक' ही संस्था काढली आणि मराठीत, आमच्या आयांना वाचता येईल अशा भाषेत पुस्तकं लिहिली. सांगलीत 'संग्राम' या संस्थेच्या कामातून 'मुस्कान' ही संघटना उभी राहिली. नंतर अनेक शहरांत ड्रॉप-इन सेंटर निघाली. असल्या एका सेंटरच्या जिन्याखाली मी किती तरी वेळ चप्पल काढून उभा राहिलो होतो. आत गेलो तर एक पीअर एज्युकेटर लाकडी नमुन्यावर निरोध कसा चढवायचा ते दाखवत होता. ते संपल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "जेवून आलास का?" नोंदवहीत त्या दिवशी माझ्या नावापुढे दिलेले निरोध लिहिले गेले असतील. जेवणाचा रकाना तिथे नव्हता. पण त्या खोलीत पाच वाजल्यानंतर जी बोलणी चालत, लग्नाची जबरदस्ती, मोडलेली मनं, आईला कसं सांगावं, कुणाचा रिपोर्ट आला, त्यावर आम्ही जगलो.

एड्सच्या कामाच्या निधीची वाट शहराशी संपायची, हेही खरं. जिथे माणसं गर्दीने सापडतात तिथे प्रकल्प, असा हिशेब. पालमसारख्या गावात आम्ही मूठभर, त्यातले बहुतेक लग्न झालेले, मग प्रकल्प कशाला? आमच्या वाट्याला आजाराचा शिक्का आला, ती खोली आलीच नाही.

या आजारातून एकमेकांना जपणारी माणसं उभी राहणं, हे परदेशातही आधी घडून गेलं होतं. अमेरिकेत १९८१ मध्ये पहिले रुग्ण नोंदले गेले. मे १९८३ मध्ये, विषाणूचं नावही ठरलं नव्हतं तेव्हा, न्यूयॉर्कमधल्या रिचर्ड बर्कोवित्झ आणि मायकल कॅलन या दोन समलिंगी तरुणांनी, जे स्वतः रुग्ण होते, एका डॉक्टरांच्या मदतीने पुस्तिका काढली: या साथीत शरीरसुख सोडायचं नसेल तर एकमेकांना कसं जपायचं. आज आरोग्यसेविका गावोगाव निरोधाचा जो सल्ला देतात त्याची एक मुळी तिथे आहे. जोडीदाराला जपणं हा सुखाचाच भाग आहे, ही शिकवण मरणाच्या दारात बसलेल्या प्रेमिकांनी जगाला दिली. त्याच वर्षी सॅन डिएगोत समलिंगी स्त्रियांनी 'ब्लड सिस्टर्स' नावाने रक्तदान सुरू केलं, कारण त्यांच्या मित्रांना रक्त लागत होतं आणि मित्रांना रक्त द्यायची बंदी होती. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर गेलेल्यांच्या नावांची वाकळ अंथरली. एकेक तुकडा थडग्याएवढा, तीन फूट बाय सहा फूट, आणि असे १,९२० तुकडे. कुणाच्या शर्टाचं कापड, कुणाच्या खेळण्यातलं अस्वल. आमच्या बाया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. गेलेल्या आजीचं लुगडं नातवाच्या अंगावर येतं. पडवीतल्या त्या माणसाचे कपडे मात्र उकिरड्यावर जाळले होते.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझा जोडीदार शेजारच्या जिल्ह्यातला. ओळख झाली, मन बसलं, आणि आम्ही पहिलं ठरवलं ते तपासणीचं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लांबच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. तपासणी केंद्राच्या बाहेर सिमेंटचा बाक, हातात चिठ्ठ्या, समोर गरोदर बायांची रांग. समुपदेशक ताईंनी एकेकाला आत बोलावलं. बाहेर बसलेला कोण, असं मला विचारलं तेव्हा तोंडून निघालं, "मावसभाऊ." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "खरं सांगितलंत तर मला सल्ला नीट देता येईल." मी खरं सांगितलं. त्यांनी जराही तोंड वाकडं न करता पुढचे प्रश्न विचारले, निरोधाचे, मागच्या संबंधांचे. रिपोर्ट दोघांचे चांगले आले. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. लोकांचा साखरपुडा होतो, आमचा तो बाक होता. तेव्हापासून अधूनमधून तपासणी करणं हे आमच्यात संशयाचं नाही, शब्द पाळल्याचं लक्षण आहे. किती नवरा-बायको लग्नाआधी ही तपासणी करतात?

आमच्या मित्रांत एक जण एचआयव्हीसह जगतो. रोजची गोळी चुकवत नाही, त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासात, एक जोडीदार एचआयव्हीबाधित पण नीट औषधांवर असलेल्या पावणेआठशेहून जास्त पुरुष-जोडप्यांत एकाही जोडीदाराला दुसऱ्याकडून लागण झाली नाही. हे वाचून तो रडला होता, कारण कित्येक वर्षं त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. तो रक्तदान करणार नाही, करूही नये, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याच्यासाठी मी काही मागत नाही.

मी मागतो आहे ते शिबिराच्या टेबलावरून. रक्त देता येत नाही म्हणून मी आमच्या शिबिरात नोंदणीचं टेबल सांभाळतो. मी सुईला भितो असं पोरांना वाटतं. अर्ज मी हातात देतो आणि बाकावर चौघं-पाचजण एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत तो भरतात. त्यांतले काही चेहरे मला ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या डेटिंग अॅपवरून माहीत आहेत. घरी बायको, दोन लेकरं, महिन्याकाठी नांदेडची एक चक्कर. जोखमीच्या प्रश्नापुढे ते 'नाही' लिहितात आणि बाही वर करून खाटेवर आडवे होतात. मी त्यांना दोष देत नाही. मित्रांच्या डोळ्यांदेखत 'हो' लिहायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत घर मोडायचं. पण पाहा, तुमच्या नियमाने नेमकं कुणाला अडवलं? ज्याने खरं सांगितलं असतं त्याला. ज्याला आपली जोखीम लपवावीच लागते तो आत गेला, आणि त्याला गेल्या तीन महिन्यांबद्दल एकांतात, विश्वासाने विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

हे तुमच्याच खात्याने एकदा कोर्टात सांगितलेलं आहे. नाझ फाउंडेशनच्या याचिकेत २००६ मध्ये नॅकोने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की कलम ३७७च्या भीतीने हे पुरुष लपून राहतात आणि लपलेल्यांपर्यंत एड्स रोखण्याचं काम पोचत नाही. गृह खातं त्या वेळी विरोधात होतं, आरोग्य खातं आमच्या बाजूला उभं राहिलं. २००९ मध्ये निकाल आमच्या बाजूने लागला, २०१३ मध्ये उलटला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न कायमचा मिटवला. मग लपायला लावणारा नियम तुमच्या रक्तपेढीत का राहावा?

रक्त घेणाऱ्याचा जीव देणाऱ्याच्या मानापेक्षा मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. थॅलेसेमियाच्या लेकराला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याच्या आईला माझ्या हक्काशी काय देणंघेणं? तिला स्वच्छ रक्त हवं, आणि ते तिला मिळालंच पाहिजे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त आहे, हेही मी नाकारत नाही. मणिपूरच्या सान्ता खुराई यांनी २०२१ मध्ये या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा केंद्राने हेच आकडे पुढे केले. पण त्या आईला गटाच्या सरासरीपेक्षा पिशवीतल्या रक्ताची खात्री हवी आहे. २०१६ मध्ये माहिती अधिकारात नॅकोने कळवलं की सतरा महिन्यांत २,२३४ जणांनी आपल्याला रक्त चढवल्यामुळे एचआयव्ही झाल्याचं सांगितलं. खात्री कुठे कमी पडते हे त्यावरून पाहावं. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात. नॅट चाचणी ते दिवस खूप कमी करते, पण ती आपल्याकडे अजून सक्तीची नाही. लहान जिल्ह्यांना तो खर्च पेलत नाही. तिथे पैसा घाला.

बाकीच्या देशांनी वाट काढली आहे. इटलीने २००१ मध्येच, ब्रिटनने जून २०२१ मध्ये, कॅनडाने २०२२ मध्ये, अमेरिकेने मे २०२३ मध्ये प्रत्येक दात्याला एकसारखे प्रश्न विचारायची पद्धत घेतली. गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार झाला का, एकाहून अधिक होते का, संबंध कशा प्रकारचे होते. स्त्री असो, पुरुष असो, तृतीयपंथी असो, उत्तर जोखमीचं असेल तर काही काळ थांबा. मला थांबायला सांगितलं तर मी थांबेन, तक्रार करणार नाही. फक्त हे प्रश्न बाकावर विचारू नका. शाळेच्या एका वर्गाला पडदा लावा, आणि त्या समुपदेशक ताईंसारखं पेन खाली ठेवून ऐकणारं माणूस आत बसवा. शिबिरात मी नोंदणी करतो त्याच्या शेजारचा वर्ग रिकामाच असतो, पडद्याची व्यवस्था आमचं मंडळ करेल.

माझ्या जोडीदाराचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटांवर त्या रक्तासाठी निरोप फिरतात तेव्हा आम्ही दोघं रात्र-रात्र फोन करून दुसरा दाता शोधतो, कधी लातूरहून, कधी नांदेडहून. तेवढ्या वेळात पेशंटची तब्येत बिघडते. परिषदेची बैठक बोलवा, २०१७च्या तत्त्वांतून ते तीन गट काढा, जोखमीच्या वागण्याचे प्रश्न घाला आणि कायमच्या बंदीऐवजी मुदत लिहा. कोर्टाच्या निकालाची वाट पाहायची तुम्हाला गरज नाही, हा बदल खात्याच्या सहीने होतो.

आपला,
(नाव संपादकांकडे)
पालम, जि. परभणी